थांब ना

रविवार, ३

पोचले. गाडी वेळेवर, जागा खिडकीची, शेजारची बाई न बोलणारी. प्रवासात माणसाला आणखी काय हवं?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहीत जा, वय झालं की डोकं गंजतं. म्हणून ही वही. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, तेव्हा अक्षराला कुणी नावं ठेवायची नाहीत.

भाचीचं घर छान आहे. तिसरा मजला, लिफ्ट आहे. स्वयंपाकघर एवढंसं, पण एका जागी उभं राहून सगळं हाताला लागतं. खिडकीतून रस्ता दिसतो. समोर लाँड्री, तिच्या शेजारी औषधांचं दुकान, पुढे बसथांबा. मला अशीच खिडकी आवडते. माणसं येतायत, जातायत.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ऑफिसातून तिला परदेशी पाठवतायत, दोन आठवड्यांसाठी. तेवढे दिवस मी घर सांभाळायचं. मी चपला काढायच्या आत आमच्या ह्यांचा फोन. साखर कुठे आहे? म्हटलं, ज्या डब्यावर मीठ लिहिलंय त्यात. मग मीठ कुठे? म्हटलं, तेवढं तुम्ही शोधा. आयुष्यभर लोकांची घड्याळं उघडून इवले इवले स्क्रू शोधलेत, मीठ सापडेल. त्यावर फोन आपटला. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

सोमवार, ४

भाची सकाळी गेली. दारात गळ्यात पडून रडली. चाळिशीला आली तरी रडायची हौस गेली नाही. म्हटलं, अगं सासरी निघालीस का? विमान जाईल.

जाताना दोन कामं सांगितली. एक, कुंड्यांना पाणी. दुसरं, गाव.

हे गाव म्हणजे तिच्या टॅबवरचा खेळ. खेळ म्हणजे हरायचं-जिंकायचं काही नाही. छोटी घरं, छोटी माणसं. ती उठतात, फुलांना पाणी घालतात, एकमेकांकडे जाऊन बसतात. आपण रोज एकदा जायचं आणि सगळ्यांची चौकशी करायची. तेच गाव तिच्या फोनवरही आहे, पण तिकडे तिला रोज जमेलसं नाही. आणि कुणीच गेलं नाही तर त्या माणसांना करमेनासं होतं म्हणे. मग ती बॅग भरून गाव सोडतात. गेली की गेली, परत येत नाहीत. मागे भाची तापाने पडली होती तेव्हा एक टोपीवाला असाच निघून गेला. हे सांगतानाही तिचे डोळे भरले. मी तिची बॅग दाराबाहेर ठेवली. बोलले असते तर विमान खरंच गेलं असतं.

ती गेल्यावर टॅब उघडला. तिने सगळं आपल्या भाषेत करून ठेवलंय. एक एक घर बघत गेले. शेवटच्या घरासमोर धाकटी उभी.

म्हणजे बाहुली. पण तोच पिवळा झगा, तेच कापलेले केस. हनुवटीवरचा तीळसुद्धा.

धाकटी जाऊन वर्ष झालं. मी जन्मभर दवाखान्यात आया होते, त्यामुळे ती वाचणार नाही हे मला दिसत होतं. वॉर्डात ती रोज म्हणायची, मला घरी न्या. मी भाचीला सांगितलं, ने तिला, तिच्या खिडकीत बसू दे. भाची म्हणायची, मावशी, थोडे दिवस थांबू दे ना. ते थोडे दिवस शेवटपर्यंत संपले नाहीत.

टॅब मिटला. कुंड्यांना पाणी घातलं.

बुधवार, ६

हे गाव म्हणजे डोक्याला ताप आहे. एकाला टोपी हवी, दुसरीला वाढदिवसाचं लक्षात ठेवायला हवं. वॉर्डात तीस खाटा सांभाळल्या, पण इतकं लाडावलेलं कुणी नव्हतं.

धाकटीची बाहुली आज बॅग घेऊन गावाच्या फाटकाशी उभी होती. डोक्यावर फुगा, त्यात लिहिलेलं, 'मी जाऊ का?' खाली दोन बटणं. एकावर 'थांब ना', दुसऱ्यावर 'बरं, जा'. भाचीने बजावलंय, काही झालं तरी 'थांब ना' दाबायचं. दाबलं. बाहुली मान खाली घालून घरी गेली.

मला आमचे डिस्चार्जवाले पेशंट आठवले. सकाळपासून कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसायचे. डॉक्टरची सही होईपर्यंत हलता यायचं नाही. दर वेळी मी जवळून गेले की वर बघायचे.

शुक्रवार, ८

धाकटी रोज फाटकाशी. रोज बॅग. आज मी 'थांब ना' दाबल्यावर ती लगेच वळली नाही. काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मला राग आला. कुणाचा आला ते माहीत नाही.

बटणं चाचपताना कोपऱ्यात एक दातेरी चाक सापडलं. त्यात पुष्कळ गोष्टी होत्या, आवाज कमी, अक्षर मोठं. त्यातच हे, 'मालक दूर असताना रहिवाशांनी गाव सोडून जावं का?' हो किंवा नाही. 'हो'वर खूण होती.

म्हटलं, मग रोज कशाला हे नाटक? 'नाही' केलं की कुणी जाणार नाही, कुणाची मनधरणी नको, मी मोकळी. 'नाही' दाबलं. त्याने विचारलं, नक्की? मला दोनदा विचारणाऱ्याचा भारी संताप येतो. नक्की!

फाटकावर धाकटीच्या हातातली बॅग नाहीशी झाली. हात तसाच राहिला, मूठ वळलेला. मग ती जाऊन फुलांना पाणी घालायला लागली.

टॅब मिटून बाजारात गेले. स्वतःला लोकर घेतली. फार बरं वाटलं.

शनिवार, ९

भाचीचा फोन. तिने तिकडून गाव बघितलं. इतकी खूश, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाली, मावशी, हे मला का नाही गं सुचलं? मला वाटायचं आईने स्वतःच्या मनाने राहावं, म्हणून मी ते कधी बदललं नाही. मी म्हटलं, तिच्या मनाचं काय विचारतेस, ती रोज बॅग घेऊन दारात. भाची हसली. म्हणाली, आता नाही ना जाणार कुणी? बस.

मग म्हणाली, मला एकटं वाटतं, म्हणून मी तुझंही घर बांधलंय, आईच्या शेजारी. बघितलं. निळा स्वेटर, पांढरा अंबाडा, नाकावर तिरका चष्मा. म्हटलं, माझं नाक एवढं आहे? तर म्हणे, मावशी, मी कमीच केलंय. बाहुलीला स्वभाव निवडावा लागतो. तिने माझ्यासाठी 'गोड बोलणारी' निवडलं. आणि सवय, 'रोज वही लिहिते'.

ह्यांना फोनवर सांगितलं. गोड बोलणारी ऐकून इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, ती बाहुली इकडे पाठव, तू तिकडेच राहा.

सोमवार, ११

ह्यांच्या गुडघ्याचं मलम आणायला निघाले. इथलं मलम चांगलं असतं म्हणे. लिफ्टने उतरले, अंगण ओलांडलं, फाटकाला हात लावला. मग बघते तर मी वर गॅलरीत, हातात झारी.

मलम नाही. चपला पायात तशाच.

रक्तातली साखर तपासली. ठीक आहे. वय म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पुन्हा निघाले. पुन्हा झारी.

मंगळवार, १२

आज सकाळी जिन्याने उतरले, प्रत्येक पायरी मोजल्यासारखी. फाटकापर्यंत सगळं आठवतंय. पुढचं नाही.

वॉचमनला इंटरकॉमवरून विचारलं, मी खाली आले की काय करते? तो म्हणाला, आजी, तुम्ही फाटकाशी येता, थोडं थांबता, मला म्हणता, आज किती छान हवा आहे! आणि वर जाता. मग म्हणाला, अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्याशी इतकं गोड कुणी बोलत नाही.

मी जन्मात कुणाशी हवेवर बोललेले नाही.

टॅब उघडला. माझी बाहुली फाटकापाशी उभी. डोक्यावर फुगा. 'आज किती छान हवा आहे!'

चाक उघडलं. ते 'नाही' परत 'हो' करायला गेले, तर मालकिणीचा पासवर्ड मागतो. माझ्याकडे नाही. भाचीला फोन लावते.

— लावला. ती म्हणाली, काय गं मावशी? मला म्हणायचं होतं, तो पासवर्ड दे. तोंडातून निघालं, तुझं घर किती छान आहे गं. ती म्हणाली, तू पण ना! आणि मीटिंगला गेली.

गुरुवार, १४

बुधवार नाही.

मंगळवारी दूध गॅसवर ठेवायला पातेल्यात काढलं होतं. आज तसंच ओट्यावर, फाटलेलं. मी त्याच्या समोर उभी. लायटर हातात. पायाला गोळे आलेले, जणू कुणी —

ह्यांचा फोन. चिडलेले. काल दिवसभर वाजवतोय, मेलीस की काय? मी फोन ऐकला नाही. मी कालचा दिवसच ऐकला नाही.

भाचीचा मेसेज, 'सॉरी मावशी, काल गावात यायला वेळच झाला नाही.'

दोनदा वाचला. मग खुर्चीत बसले.

ती गावात आली तर माझा दिवस उजाडतो. नाही आली तर नाही.

शनिवार, १६

उद्या भाची येते. ती दारात आली की झालं. बॅग भरून दाराशी ठेवलीय. मी खुर्चीवर, पिशवी मांडीवर.

ह्यांना सांगायचं होतं, घ्यायला या. मग वाटलं, नको, इथं त्यांनी पाऊल टाकू नये. तोंड उघडलं तर नेमकं तेच, या ना तुम्ही, इथं किती छान आहे.

त्यांनी फोन आपटला नाही. मग म्हणाले, चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तू मला कधी 'या ना' म्हणाली नाहीस. घसा खाकरला. म्हणाले, बघतो.

नाही हो. बघू नका. हे मनात. तोंडात नुसतं हसू.

रविवार, १७

बॅग नाही. दाराशी नाही, कपाटात नाही. माझा हात तसाच, मूठ वळलेला.

भाचीचा फोन. काम वाढलंय, अजून महिनाभर. मावशी, तुला चालेल ना? तू तिथे आहेस म्हणून मला काळजी नाही.

मी म्हटलं, मला खूप आवडेल.

गुरुवार, २१

मधले दिवस नाहीत. धूळ बसलीय वहीवर.

एकच गोष्ट अजून माझी आहे, हा लिहिता हात. का ते कळलं. भाचीने बाहुलीला ती सवय दिली म्हणून. तिने विणायची दिली असती तर हेही नाही.

मग लिहूनच बघायचं. कागद फाडला. मोठ्या अक्षरात, 'धाकटीच्या लेकी, मी अडकलेय. ते नाही आहे ना, ते हो कर. मला जाऊ दे. आईलाही जाऊ दे.' खिडकीतून खाली टाकायला गेले, वॉचमन उचलेल म्हणून. कागद हातातून गेला. खाली पडला नाही.

टॅबवर पत्रपेटीला लाल ठिपका.

शुक्रवार, २२

पेटीत उत्तर आलं. पत्र तिला काय दिसलं कोण जाणे. खेळातल्या माणसांची पत्रं असतात तसंच दिसलं असेल, फुलं काढलेलं, 'मी जाऊ का?' एवढंच.

तिचं उत्तर दोन शब्दांचं. पुढे बदामाचं चित्र.

'थांब ना.'

मी पण दाबलं होतं. रोज. धाकटी बघायची आणि मी दाबायचे आणि म्हणायचे, काय कटकट आहे.

तारीख माहीत नाही

धाकटी समोरच्या गॅलरीत उभी असते. समोर गॅलरी नव्हती. लाँड्री होती.

ती पिवळ्या झग्यात. फुलांना पाणी घालते. मीही घालते. मध्ये एकदा दोघींची मान वर झाली. तिच्या तोंडावर हसू, माझ्या तोंडावर हसू. डोळे मात्र तिचेच होते. वॉर्डातले. घरी न्या म्हणणारे.

मला म्हणायचं होतं, चुकलं गं. म्हटलं, आज किती छान —

नंतर

काच फोडायची ठरवली. स्वयंपाकघरातला दगडी खल घेऊन टॅबवर घालायचा होता. हात वर गेला, खाली आला, टेबल पुसलं. छान पुसलं.

आणि फोडला तरी — फोडला आणि भाची परत कधी आलीच नाही गावात, तर? मग लायटर हातात घेऊन —

नको.

नंतर

माझ्या घराशेजारी कुंपण. टॅबवर. चार खुंट्या, मधे पाटी. पाटीवर लिहिलंय, 'लवकरच नवीन रहिवासी'.

भाचीचा मेसेज. 'मावशी, सरप्राईज! काका मला फोन करून पत्ता विचारत होते. म्हणाले, ती गोड बोलायला लागलीय, म्हणजे नक्की आजारी असणार, जाऊन बघतो. किती गोड ना? मी त्यांचंही घर बांधतेय. तू एकटी नको.'

ओळखलं. एवढ्या वर्षांत ह्या एकाच माणसाने ओळखलं. आणि म्हणूनच येतोय.

नंतर

ह्यांचा फोन आला होता. मी ओठ दाबून धरले. रक्त आलं. ओठ उघडले. या ना, म्हटलं. वाट बघते, म्हटलं.

ते म्हणाले, तुझी बॅग भरून ठेव, मी आलो की लगेच निघू. ह्या लोकांचं घर त्यांचं त्यांना लखलाभ.

निघू. ऐकलं आणि हसले. खरं हसले की तसलं, कळलं नाही.

नंतर

त्यांच्या बाहुलीला स्वभाव दिलाय, 'शांत'. माणूस दिवसात दहा वेळा फोन आपटतो. शांत.

साखर कुठे आहे म्हणून परत कधी विचारणार नाहीत. मिठाचा डबा —

नंतर. उजेड आहे

खिडकीतून बसथांबा दिसतोय. बस थांबली. उतरले. तीच खाकी टोपी, हातात छत्री, खांद्याला रिकामी पिशवी. माझे कपडे भरायला आणलीय. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्यावर ओरडले. ओरडा. ओरडून घ्या.

फाटकाशी वॉचमनने हसून सलाम केला. वर बोट दाखवलं.

टॅबवर — 'पाहुणे आले! स्वागत करायचं?' दोन बटणं. 'हो' आणि 'थोड्या वेळाने'. 'नाही' नाहीच. माझं बोट दोन्हीवर चालत नाही. काच आतून दाबल्यासारखी —

ठरवलंय. दार आतून बंद. किल्ली माझ्याकडे. मी उठायचं नाही. ते बेल वाजवतील, शिव्या देतील, दारावर छत्री मारतील, मग चिडून जातील. जन्मभर चिडून गेलेत, आज जायलाच हवं. टेबल डाव्या हाताने घट्ट धरलंय. उजव्याने लिहितेय. लिहीत राहिले की उठणार नाही. लिहीत राहायचं.

लिफ्ट वर येतेय.

बेल.

उठायचं नाही. माझं नाव घेऊन हाक मारतायत. किती वर्षांनी नावाने —

जा. जा हो. मी म्हणते ना, बरं, जा —

पाय उठले. डावा हात सुटला. वही हातात आहे अजून, उभ्याने लिहितेय, दाराशी. किल्ली फिरतेय. हात तरी माझा आहे. हात माझा आहे. लिहिते, येऊ नका, येऊ नका, ये

या ना, आत या. इथं किती छान